पहिले बाळ नवव्या दिवशी गेले. दुसऱ्याच्या वेळी टाचेच्या रक्ताची तपासणी पुरेल का?

प्रश्न : माझे वय २६ असून लग्न मामाच्या मुलाशी झाले आहे. पहिला मुलगा पूर्ण दिवसांचा, २.९ किलो वजनाचा झाला. दोन दिवस तो चांगला दूध प्यायला. तिसऱ्या दिवशी ओढेनासा झाला, सुस्त पडला, श्वास जोरात चालू लागला आणि झटके आले. काचेत ठेवले, पुढे व्हेंटिलेटर लावला, पण नवव्या दिवशी तो गेला. कागदावर ‘सेप्सिस’ असे लिहिले आहे. घरात कोणी म्हणते दूध बाधले, कोणी म्हणते नात्यात लग्न केल्याचे फळ. आता मला नववा आठवडा चालू आहे. बाळ जन्मल्यावर टाचेचे रक्त घेऊन पन्नासएक आजारांची तपासणी करतात असे कळले. ती केली तर पुरेल का? पहिल्या वेळच्या कागदांचे फोटो सोबत जोडत आहे. – सांगली जिल्ह्यातील एक भगिनी

उत्तर : ती तपासणी जरूर करून घ्या, परंतु तुमच्या घरी तेवढ्यावर विसंबून राहू नका. टाचेच्या रक्ताची तपासणी ज्या घरात आजाराची काहीच कल्पना नसते अशा सर्व बाळांसाठी आखलेली आहे. तुमच्या घरात एक बाळ तिसऱ्या दिवशी आजारी पडून गेलेले आहे, म्हणजे खूण आधीच मिळालेली आहे. अशा ठिकाणी पहिल्या बाळाला नेमके काय झाले होते याचा शोध आजपासून सुरू करायचा असतो, दुसऱ्या बाळाच्या जन्मापर्यंत थांबायचे नसते.

तुम्ही पाठवलेले कागद मी तीन वेळा वाचले. डिस्चार्ज कार्डावर निदान सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, असे आहे. पण रक्ताच्या कल्चरमध्ये दोन्ही वेळा जंतूंची वाढ झालेली नाही. तेवढ्यावरून संसर्ग नव्हताच असे म्हणता येत नाही, कारण प्रतिजैविके आधी सुरू झाली असतील तर कल्चर कोरे येऊ शकते. मात्र रक्तात आम्ल फार वाढलेले होते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी झालेल्या होत्या, आणि चौथ्या दिवशीच्या लघवीच्या अहवालात खालच्या ओळीत ‘कीटोन ३+’ अशी नोंद आहे. कीटोन म्हणजे शरीर चरबी मोडते तेव्हा तयार होणारे पदार्थ. त्या नोंदीखाली कोणी रेघ ओढलेली नाही. नवजात बाळाच्या लघवीत इतके कीटोन सहसा दिसत नाहीत, आणि दिसले तर चयापचयाच्या आजाराचा विचार सर्वांत आधी मनात यायला हवा. रक्तातील अमोनिया, म्हणजे प्रथिने मोडताना तयार होणारा विषारी पदार्थ, मात्र एकदाही तपासलेला नाही.

हे सगळे एकत्र ठेवले की माझा कयास ऑरगॅनिक अ‍ॅसिडीमिया या गटाकडे झुकतो. मेथिलमलोनिक अ‍ॅसिडीमिया आणि प्रोपियॉनिक अ‍ॅसिडीमिया हे या गटातले दोन प्रमुख आजार. या आजारांत साचणारी आम्ले अस्थिमज्जेचे कामही दाबतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी व प्लेटलेट उतरतात आणि चित्र हुबेहूब जंतुसंसर्गासारखे दिसते. अनुभवी डॉक्टरही येथे चकतात. हा केवळ कयास आहे, निदान नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण कागदावरून केलेल्या कयासाला निदान समजून पुढची तपासणी थांबवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता दुधाविषयी. ‘दूध बाधले’ हे वाक्य तुमच्या मनात किती खोल गेले असेल याची मला कल्पना आहे, म्हणून याचे उत्तर नीट देते. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे शरीरात अमिनो आम्लांत रूपांतर होते. त्यांतली जी गरजेपुरती लागतात ती शरीर वापरते आणि उरलेली टप्प्याटप्प्याने तोडून टाकते. प्रत्येक टप्प्यावर एक विशिष्ट विकर (एन्झाइम) काम करते. बाळात त्यांतले एखादे विकर जन्मतःच काम करत नसेल तर त्या टप्प्याच्या अलीकडे विषारी पदार्थ तुंबत जातात. बाळ पोटात असते तोवर हा गाळ वारेमार्फत आईच्या रक्तात जातो आणि आईचे शरीर तो निकामी करते. म्हणूनच असे बाळ जन्मतः गुटगुटीत असते, रडते, ओढून दूध पिते. नाळ कापली की आईची ही मदत संपते, दुधातली प्रथिने पोटात जाऊ लागतात, जन्मानंतरच्या ताणात बाळाचे शरीर स्वतःचीही प्रथिने मोडते, आणि दोन-तीन दिवसांत गाळ डोक्यावर येतो. तुमचे दूध निर्दोष होते. दुसऱ्या कोणाचे, गाईचे किंवा डब्याचे दूध दिले असते तरी हेच घडले असते, किंबहुना त्यांत प्रथिने अधिक असल्याने लवकर घडले असते. नऊ महिने तुमच्याच शरीराने त्या बाळाचे रक्त स्वच्छ ठेवले होते.

तुम्ही ज्या तपासणीविषयी ऐकले तिचा उगम समजला तर तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतील. १९३४ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर आस्ब्यॉर्न फोलिंग यांच्याकडे एक आई आपली दोन मतिमंद मुले घेऊन आली. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, असे ती प्रत्येक डॉक्टरला सांगत होती. फोलिंग यांनी ते ऐकून घेतले, लघवीत फेरिक क्लोराईड घातले आणि ती हिरवी झाली. फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल तोडता न येण्याचा आजार, असा सापडला. पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार तयार करून एका मुलीत सुधारणा दाखवली. उपाय मिळाला, पण मेंदूची हानी होऊन गेल्यावर तो देऊन फारसा उपयोग नव्हता. आजार दिसण्याआधी ओळखणे भाग होते.

ते काम अमेरिकेत बफेलो येथे रॉबर्ट गथ्री यांनी केले. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि त्यांच्या पत्नीच्या बहिणीच्या मुलीला फेनिलकीटोन्युरिया असल्याचे उशिरा कळले होते. गथ्री मुळात जिवाणूंवर संशोधन करणारे. ज्या थाळीत एका रसायनामुळे जिवाणू वाढू शकत नाहीत अशा थाळीत त्यांनी बाळाच्या वाळलेल्या रक्ताची टिकली ठेवली. रक्तात फेनिलअ‍ॅलनिन जास्त असेल तर त्या रसायनाचा अडसर दूर होऊन टिकलीभोवती जिवाणूंचे कडे उमटे. महागडे यंत्र नाही, सुई टोचून नळीभर रक्त नाही. जाड गाळणकागदावर टाचेचे थेंब घ्यायचे, वाळवायचे आणि टपालाने पाठवायचे. १९६३ पर्यंत अमेरिकेतील २९ राज्यांत सुमारे ४ लाख बाळांची तपासणी या पद्धतीने झाली. माझ्या मते गथ्री यांचे मोठेपण थाळीपेक्षा त्या कागदात आहे. थाळी कधीच मागे पडली, कागद मात्र आजही जगभर तोच आहे. १९९० च्या दशकात टॅन्डम मास स्पेक्ट्रोमेट्री हे यंत्र आले, आणि त्याच कागदातून साधारण ३ मिलिमीटरची एक टिकली कापून काही मिनिटांत अमिनो आम्ले व अ‍ॅसिलकार्निटिन (म्हणजे आम्लांना जोडलेले कार्निटिन हे द्रव्य) मोजता येऊ लागली. तुम्हाला सांगितलेले ‘पन्नासएक आजार’ बहुतांशी या एका यंत्राच्या तपासणीतले.

ही तपासणी तुम्हाला अपुरी का, याचे पहिले कारण वेळ. टाचेचे रक्त साधारणपणे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. फार आधी घेतले तर दूध पुरेसे पोटात गेलेले नसते, शिवाय याच कागदावर तपासले जाणारे टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, जन्मानंतर पहिल्या दिवशी स्वाभाविकच उसळलेले असते. म्हणजे तिसऱ्या दिवशी रक्त घेतले, कागद तीन-चार तास आडवा ठेवून वाळवला, कुरियरने पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला गेला आणि अहवाल आला, तोवर पाचवा ते सातवा दिवस उजाडतो. तुमचा मुलगा तिसऱ्या दिवशीच आजारी पडला होता. काही वर्षांपूर्वी एका प्रसूतिगृहातून आमच्या प्रयोगशाळेत दहा कार्डे एकाच पाकिटात आली. कुरियरचा खर्च वाचावा म्हणून तेथे दहा जमेपर्यंत कार्डे ड्रॉवरमध्ये ठेवत असत. त्यांतल्या सर्वांत जुन्या कार्डात प्रोपियॉनिल कार्निटिन, म्हणजे वर सांगितलेल्या दोन आजारांची खूण, प्रचंड वाढलेले होते. मी त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला तेव्हा बाळाला जाऊन चार दिवस झाले होते. यंत्राने आपले काम चोख केले होते. तेव्हापासून मी तपासणीचा विचार टाच टोचण्यापासून आईवडिलांचा फोन लागेपर्यंतचा एकच प्रवास म्हणून करते, आणि कार्ड त्याच दिवशी रवाना होते का, हे विचारल्याशिवाय कोणालाही तपासणी सुचवत नाही.

दुसरे कारण असे की काही आजार या यंत्राच्या हाती लागत नाहीत. यूरिया चक्रातील, म्हणजे अमोनिया निकामी करणाऱ्या साखळीतील, ओटीसी या विकराची कमतरता हा आजार अनेकदा निसटतो. तो एक्स गुणसूत्रावरून येतो आणि प्रामुख्याने मुलग्यांना लवकर ग्रासतो. त्यासाठी तुमच्या आईला व आजीला विचारा की त्यांच्या माहेरी मुलगे जन्मल्यावर आठवड्याभरात दगावले होते का. त्या आजारात अमोनिया वाढून श्वास जोराने चालतो आणि सुरुवातीला रक्तातले आम्ल उलट कमी झालेले असते, म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत तो मला कमी संभवनीय वाटतो. पण विचारायला काहीच लागत नाही.

आता आज काय करायचे ते सांगते. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पहिल्या बाळाचा कोणताही जैविक नमुना. त्याच्या वेळी टाचेच्या रक्ताचे कार्ड कोठे पाठवले होते का, नाळेतील रक्त एखाद्या बँकेत साठवले होते का, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काही शिल्लक आहे का, हे लेखी विचारा. आणि आपल्याकडे अनेक घरांत बाळाची गळून पडलेली नाळ डबीत जपून ठेवतात. तुमच्या सासूबाईंनी किंवा आईने ती ठेवली असेल तर ती फेकू नका, धुऊ नका. वाळलेल्या नाळेतून डीएनए मिळू शकतो. असा नमुना मिळाला तर बाळ आणि आईवडील अशा तिघांची एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांतील प्रथिने घडवणाऱ्या भागांची तपासणी, एकत्र करता येते. काहीच मिळाले नाही तरी तुम्हा दोघांची तपासणी करून, कोणत्या जनुकात दोघांच्याही एका प्रतीत दोष आहे हे शोधता येते. तिच्यातून दर वेळी उत्तर मिळतेच असे नाही, आणि कधी कधी अर्थ न लागणारे बदलही सापडतात. पण पहिल्या बाळाचे कीटोन, आम्ल आणि पेशींचे आकडे हाती असल्याने शोधाची दिशा आपल्याजवळ आहे.

घाई करावी लागेल. एक्झोमच्या अहवालास साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. दोष निश्चित सापडला तर गर्भाची तपासणी वारेच्या ऊतीचा नमुना घेऊन ११ ते १३ आठवड्यांत किंवा गर्भजल घेऊन १६ आठवड्यांनंतर होते. तुमच्या बाबतीत गर्भजलाची वेळ सहज साधेल. ही तपासणी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते आणि आनुवंशिक आजाराचे कारण त्या कायद्याला मान्य आहे, तेव्हा कोणी ‘कायद्याने बंदी आहे’ म्हणून परत पाठवले तर लेखी संदर्भचिठ्ठी घेऊन योग्य केंद्रात जा. गर्भात आजार आढळला तर पुढे काय करायचे हा निर्णय तुम्हा दोघांचा असेल. काही जोडपी गर्भ पुढे नेतात आणि तपासणीचा उपयोग केवळ तयारीसाठी करतात. तोही पूर्णपणे योग्य उपयोग आहे.

नात्यातल्या लग्नाविषयी मी तुम्हाला दोष देणार नाही आणि कोणाला देऊही देऊ नका. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देणे-घेणे दक्षिण महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बंगळूरूच्या एन. अप्पाजी राव व ए. राधा रमा देवी यांच्या गटाने १९८० च्या दशकात कर्नाटकातील लाखाहून अधिक नवजात बाळांची अमिनो आम्लांच्या आजारांसाठी तपासणी केली, तेव्हा नात्यातील विवाहांचाही अभ्यास केला होता. आते-मामेभावंडांमध्ये सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. आजोबा किंवा आजीकडून आलेली एकच सदोष प्रत दोघांकडे असेल, तर दर गरोदरपणात आजारी बाळ होण्याची शक्यता चारात एक असते, आणि बाळ निरोगी असण्याची चारात तीन. एकदा घडले म्हणून पुढची तीन सुटली असे मात्र नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. असे आजार नात्याबाहेरच्या लग्नांतही होतात.

जनुकाचे उत्तर मिळो वा न मिळो, बाळंतपणाची जागा आतापासून ठरवा. जेथे नवजात अतिदक्षता विभाग आहे आणि रात्री दोन वाजतादेखील अमोनिया तपासता येतो, अशाच ठिकाणी व्हा. पुष्कळ रुग्णालये ‘होतो’ म्हणतात. नमुना बाहेर पाठवता की इथेच करता, एवढे स्पष्ट विचारा. अमोनियाचे रक्त हात आवळून धरून घेतलेले चालत नाही, ते बर्फात ठेवून पंधरा-वीस मिनिटांत यंत्रावर जावे लागते. नाहीतर आकडा खोटाच वाढलेला येतो. जन्मतः नाळेतील रक्त डीएनएसाठी राखून ठेवावे. कार्डावरचा पहिला नमुना २४ तासांनी आणि दुसरा नेहमीच्या वेळी घ्यावा, आणि दोन्हींचे अहवाल तातडीने मागवावेत. बाळाने दूध ओढणे कमी केले, उलटी झाली, श्वास वाढला किंवा ते जागेच होत नाहीसे झाले, तर कल्चरच्या अहवालाची वाट न पाहता त्याच तासाला अमोनिया, रक्तातील आम्ल-अल्काचे प्रमाण आणि लघवीतील कीटोन तपासावेत. प्रतिजैविके सुरू करण्यास हरकत नाही. त्याच वेळी दूध थांबवून शिरेतून पुरेसे ग्लुकोज चालू करावे म्हणजे बाळाचे शरीर स्वतःचे स्नायू मोडणार नाही, आणि हायड्रॉक्सीकोबालमिन म्हणजे ब१२ चे इंजेक्शन व कार्निटिन द्यावे. मेथिलमलोनिक अ‍ॅसिडीमियाच्या काही प्रकारांत केवळ ब१२ ने बाळाचे चित्र पालटते. प्रथिने एक-दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायची नाहीत, हेही त्या चिठ्ठीत लिहिलेले असावे. ‘चिठ्ठी’ म्हणते ती अशी, की हा सगळा क्रम एका पानावर लिहून, सही-शिक्क्यासह तुमच्या फाइलमध्ये पहिल्या पानाला लावलेला असेल. प्रसूतीच्या रात्री ड्यूटीवर कोण असेल हे कोणालाच माहीत नसते. घरी मात्र स्वतःच्या मनाने दूध तोडू नका, ग्लुकोजचे पाणी पाजू नका.

एक छोटी गोष्ट. मॅपल सिरप युरिन डिसीज नावाच्या आजारात लघवीला जळलेल्या साखरेसारखा, आपल्या नाकाला मेथीसारखा वाटणारा वास येतो. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले तरी अगदी तोच वास आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीला येऊ शकतो, कारण वासाचा रेणू एकच आहे. एकदा अशा वासामुळे एका निरोगी बाळाचे दूध रात्रभर थांबवले गेले होते. रक्त तपासल्यावर उलगडा झाला. तुमच्या बाळाचा अर्थ लावणे सोपे जावे म्हणून पहिला आठवडा मेथी बाजूला ठेवा. डिंकाचे लाडू खुशाल खा.

हे उत्तर इतर गरोदर भगिनीही वाचतील म्हणून त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की घरात कसलीही खूण नसली तरी निदान जन्मजात थायरॉइड कमतरतेची तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत १ लाखाहून अधिक बाळांची तपासणी केली तेव्हा हा आजार ११३० बाळांमागे एकात आढळला. बाळ शांत असते, खूप झोपते, रडत नाही, आणि घरचे त्याला ‘गुणी’ म्हणतात. तेवढ्यात मेंदूच्या वाढीचे महिने निघून जातात. दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिनची साधी, स्वस्त गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखे वाढते. गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रातही प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान ही एक तपासणी नियमाने व्हावी, असे मला मनापासून वाटते. तपासणीत आकडा वाढलेला आला म्हणजे आजार ठरला असे नसते. दुसऱ्या नमुन्याने खात्री करावी लागते, आणि त्या दुसऱ्या नमुन्यासाठी बोलावणे आले तर त्याच दिवशी जावे.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणारच. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. तेथील आनुवंशिकी विभागात तुमच्या प्रसूतितज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन जा. शक्यतो याच आठवड्यात जा, आणि दोघेही जा, कारण रक्त दोघांचे लागेल. सोबत कागदांचे फोटो नकोत, मूळ कागद न्या, विशेषतः चौथ्या दिवशीचा तो लघवीचा अहवाल. नाळेची डबी सापडली तर नाळ कोऱ्या कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आणि पुडीवर बाळाची जन्मतारीख लिहा.